राजीनाम्याआधीचा हिशेब : ऑनलाइन उत्पन्नाविषयी वाचकांचे प्रश्न

नोकरी सोडून ब्लॉग, व्हिडिओ, ई-पुस्तके किंवा ऑनलाइन कोर्स यांच्या उत्पन्नावर जगता येईल का, असे विचारणारी बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि उत्तरे येथे देत आहोत. रकमा जिथे आल्या आहेत तिथे त्या त्या सेवेच्या नियमांप्रमाणे डॉलरमध्ये दिल्या आहेत. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निर्णय घेण्याआधी त्या सेवेच्या मदत-पानावर एकदा खात्री करून घ्यावी.

प्रश्न : मी अकरा वर्षे लेखापालाची नोकरी करते आहे. तीन वर्षांपासून स्प्रेडशीट शिकवणारा यूट्यूब चॅनल आणि त्याच विषयावरचा ब्लॉग चालवते. वर्षभर पगाराच्या साधारण निम्मे पैसे तिथून मिळत होते. डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच डॅशबोर्डवर पगाराएवढा आकडा दिसला. आता राजीनामा द्यावा का? — एक लेखापाल

डिसेंबरच्या आकड्यावर मुळीच नाही. वर्षअखेरीस जाहिरातदार हात सैल सोडून खर्च करतात, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात दर हजार व्ह्यूजमागे मिळणारी रक्कम चढते आणि जानेवारीत ती खाली येते. प्रेक्षक तेवढेच राहिले तरी उत्पन्न घटते. हे दरवर्षीचे चक्र आहे. त्यात तुमच्या कामाचे काही चुकलेले नसते, पण घरखर्च मात्र जानेवारीतही तेवढाच असतो.

दुसरे म्हणजे डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो. चुकीचे क्लिक वजा होऊन अंतिम आकडा पुढच्या महिन्यात ठरतो आणि पैसे साधारण २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात, तेही खात्यात किमान १०० डॉलर जमले असतील तरच. त्यात एक बारकावा आहे. यूट्यूबची कमाई आणि वेबसाइटवर जाहिराती दाखवणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्सची कमाई २०२२ पासून वेगवेगळ्या पेमेंट खात्यांत धरली जाते आणि १०० डॉलरची अट दोन्हींना स्वतंत्रपणे लागते. तुमचा ब्लॉग महिन्याला ३० डॉलर मिळवत असेल, तर ते पैसे चार महिन्यांतून एकदा हातात येतील. म्हणून हिशेब फक्त बँकेत जमा झालेल्या रकमेचा करा. तुम्ही लेखापाल आहात, त्यामुळे रोख तत्त्वावर वही लिहा म्हटले की पुरे.

आता पद्धत सांगतो. मागच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमा चढत्या क्रमाने मांडा आणि तळाकडून तिसरी रक्कम उचला. आमच्या मते भरवशाचे उत्पन्न म्हणून तीच धरावी. सरासरी धरली की दोन चांगले महिने आठ वाईट महिने झाकून टाकतात, आणि अगदी तळाची रक्कम धरली तर एखाद्या वेळी पेमेंट अडकले म्हणून शून्य दिसू शकते.

दुसऱ्या रकान्यात खर्च. इथे बहुतेक जण फक्त घरखर्च लिहितात आणि तिथेच फसतात. मालक तुमच्यासाठी जे भरतो ते उद्या तुम्हाला भरायचे आहे: आरोग्यविमा, निवृत्तीसाठीची बचत, भरपगारी रजा. त्यात कॅमेरा-लॅपटॉप बदलण्याची तरतूद, होस्टिंग, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि स्वतः भरायचा कर मिळवा. उदाहरणादाखल एकूण मासिक गरज १०० धरली, तर त्यात घरखर्च ७० च्या आसपास आणि बाकी ३० या न दिसणाऱ्या गोष्टी निघाल्या, तर नवल वाटून घेऊ नका.

समजा तुमची तळाकडून तिसरी रक्कम ६५ आली. म्हणजे दरमहा ३५ कमी पडणार. वर्षभराची तूट ४२०. पण चॅनलची कमाई अचानक पूर्ण थांबली आणि ती सुरू व्हायला सहा महिने लागले, तर ६०० लागतील. या दोहोंत जी रक्कम मोठी ती, म्हणजे इथे सहा महिन्यांची पूर्ण गरज, बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये. मुलांचे शिक्षण किंवा कर्जाचा हप्ता असेल, तर आम्ही नऊ महिने सांगू.

यानंतर एक चाचणी करा, आणि ती नोकरीत असतानाच करा. सलग दोन महिने एकही नवा व्हिडिओ किंवा लेख टाकू नका. फक्त टिप्पण्यांना उत्तरे द्या आणि तुटलेल्या लिंका दुरुस्त करा. दोन महिन्यांनंतर उत्पन्न आधीच्या ८५ टक्क्यांच्या वर टिकले, तर तुमचा जुना साठा खरोखर कमावतो आहे. ते निम्म्यावर आले, तर तुम्हाला मिळते ती दर आठवड्याच्या कामाची मजुरी आहे. तसे असले तरी बिघडत नाही, पण मग तुम्ही एक नोकरी सोडून दुसरी धरता आहात आणि तिला आजारपणाची रजा नाही. नियोजन त्या हिशेबाने करा. दोन महिन्यांची सुट्टी चालते, मात्र यूट्यूबवर सहा महिने किंवा अधिक काळ काहीच टाकले नाही तर कमाईची सोय बंद होऊ शकते.

शेवटचा मुद्दा. तुमचे चॅनल आणि ब्लॉग असे दोन स्रोत दिसत असले, तरी पैसे एकाच कंपनीकडून, म्हणजे गूगलकडून, येतात आणि ब्लॉगवरचे वाचकही बहुधा तिच्याच शोधातून येतात. निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच कंपनीच्या हातात असताना नोकरी सोडणे आम्हाला धोक्याचे वाटते. तुमच्या विषयात तयार स्प्रेडशीट-टेम्पलेट थेट विकणे हा सोपा तिसरा मार्ग आहे. त्यासोबत ग्राहकांची ईमेल-यादी तयार होते. ती यादी हीच तुमची स्वतःची मालमत्ता असते, बाकी सगळे भाड्याने घेतलेले.

प्रश्न : शाळेत गणित शिकवतो. आठवड्याला सहा-सात तास मोकळे असतात. आधी किंडलवर ई-पुस्तक काढावे की व्हिडिओ कोर्स करावा? — एक गणित शिक्षक

दोन्हींच्या आधी तिसरेच काहीतरी करा. दहा-पंधरा विद्यार्थ्यांचा चार तासांचा सशुल्क ऑनलाइन वर्ग घ्या. एकच अवघड प्रकरण निवडा आणि विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवा. दहा जणही पैसे भरून आले नाहीत, तर त्या विषयावर चार महिने खर्चून कोर्स करण्यात अर्थ नाही. आले, तर त्यांच्या प्रश्नांतून कोर्सचा आराखडा आपोआप तयार होतो. ऑनलाइन कोर्स फसतात ते बहुधा शिकवणे वाईट असते म्हणून फसत नाहीत. आधी गिऱ्हाईक न पाहता माल तयार केलेला असतो, हे खरे कारण.

ई-पुस्तकाबद्दल गणितवाल्यांनी एक हिशेब नीट समजून घ्यायला हवा. किंडलवर २.९९ ते ९.९९ डॉलर या किमतीत ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय मिळतो. त्याबाहेर ३५ टक्के. १.९९ डॉलरचे पुस्तक ७० सेंट देते आणि २.९९ चे दोन डॉलरच्या आसपास, म्हणून स्वस्त ठेवून जास्त खप मिळवण्याची कल्पना इथे बहुधा तोट्याची ठरते. पण ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइल पोचवण्याचा खर्च किमतीतून आधी वजा होतो. अमेरिकी दुकानात तो दर एमबीला १५ सेंट आहे. तुम्ही प्रत्येक सूत्र चित्र म्हणून टाकले आणि फाइल १२ एमबीची झाली, तर १.८० डॉलर तिथेच गेले. उरलेल्या १.१९ चे ७० टक्के म्हणजे फक्त ८३ सेंट. तेच पुस्तक ३५ टक्क्यांच्या पर्यायात ठेवले, तर हा खर्च लागत नाही आणि १.०५ डॉलर मिळतात. २.९९ किमतीला ही सीमा साधारण १० एमबीवर येते. फाइल २ एमबीपर्यंत खाली आणली, तर ७० टक्क्यांच्या पर्यायात १.८८ डॉलर हाती पडतात. तेव्हा साधी सूत्रे मजकुरातच टंकलिखित करा, चित्रे फक्त आकृत्यांसाठी ठेवा, त्याही करड्या छटांत आणि दाबून लहान केलेल्या.

किंडलच्या ‘केडीपी सिलेक्ट’ या एकाधिकार-योजनेत नोंद केली, तर ९० दिवस त्या पुस्तकाची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही, आणि मुदत आपोआप वाढते. वाढ नको असेल, तर आपोआप वाढीची खूण आधीच काढा. मजकूर किंवा चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केली असतील, तर प्रकाशनाच्या वेळी तसे सांगणे बंधनकारक आहे. विक्रीचे पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात.

कोर्सचे गणित वेगळे. यूडेमी या कोर्स विकणाऱ्या संकेतस्थळावर किमान ३० मिनिटांचा व्हिडिओ आणि पाच वेगळे पाठ लागतात. गिऱ्हाईक तुमच्या स्वतःच्या कूपन-लिंकवरून आले, तर ९७ टक्के तुमचे. त्यांच्या शोधातून आले, तर ३७ टक्के. आणि तिथे सवलती कायम चालू असतात. कोर्स सवलतीत ९.९९ डॉलरला गेला, तर कर आणि शुल्क सोडून पहिल्या प्रकारात ९.६९, दुसऱ्यात ३.७० डॉलर. म्हणजे स्वतःचे विद्यार्थी गोळा करणाऱ्याला एका विक्रीचे अडीच पटीहून अधिक मिळतात. तिथली छापील किंमत पाहून वार्षिक उत्पन्नाचा अंदाज बांधू नका.

चित्रीकरणात पैसे घालायचेच असतील, तर कॅमेऱ्याआधी मायक्रोफोनमध्ये घाला. लोक धूसर चित्र सहन करतात, घुमणारा आवाज नाही. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि किंचित तिरका ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ चा फटका बसत नाही. खोलीत जाड पडदे किंवा कपड्यांचे उघडे कपाट पाठीमागे असावे. आवाजाची सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. पाठ पाच ते आठ मिनिटांचे ठेवा. अभ्यासक्रम बदलला की एवढा छोटा पाठ पुन्हा रेकॉर्ड करता येतो. चाळीस मिनिटांचा करायला कोणी धजत नाही आणि मग जुना पाठ तसाच राहून कोर्सचे मानांकन खाली येते.

तर क्रम असा: वर्ग, मग त्याच प्रकरणाचा लहान कोर्स, आणि ई-पुस्तक सर्वांत शेवटी, सरावाच्या उदाहरणांचे. आठवड्याला सहा तास दिले, तर पहिला दीड-दोन तासांचा कोर्स तयार व्हायला तीन ते चार महिने धरा.

प्रश्न : माझ्या यूट्यूब शॉर्ट्स व्हिडिओंना लाखो व्ह्यूज आहेत, सबस्क्रायबर १,४०० झाले, तरी जाहिरातीच्या पैशांसाठी लागणारे पाहण्याचे ४,००० तास पूर्ण का दिसत नाहीत? — बारावीची विद्यार्थिनी

शॉर्ट्स फीडमध्ये पाहिले गेलेले तास त्या ४,००० मध्ये धरतच नाहीत. खासगी, अनलिस्टेड (फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसणाऱ्या) किंवा पुसून टाकलेल्या व्हिडिओंचे आणि पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतून आलेले तासही धरत नाहीत. जाहिरातीच्या उत्पन्नापर्यंत पोचायचे दोन मार्ग आहेत: १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास, किंवा १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. दोन्हींची बेरीज होत नाही. त्याआधीची एक पायरीही आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ, आणि ३,००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज. त्यात सदस्यत्वासारख्या सोयी खुल्या होतात, जाहिरातीचा वाटा मात्र मिळत नाही. तुमच्या शॉर्ट्सपैकी जे सर्वांत जास्त चालले, त्यांच्या विषयावर आठ मिनिटांहून मोठे व्हिडिओ करा आणि शॉर्ट्समधून संबंधित व्हिडिओची लिंक द्या. आठ मिनिटांपुढे मधल्या जाहिराती लावता येतात आणि मोठ्या व्हिडिओवर निर्मात्याचा वाटा ५५ टक्के असतो, शॉर्ट्सवर ४५. मात्र दोन मिनिटांचा मजकूर आठ मिनिटे ताणू नका. लोक मध्येच सोडून जातात आणि व्हिडिओ पुढे सुचवला जाणे थांबते.

प्रश्न : एआयकडून २०० हून अधिक लेख लिहून घेऊन संकेतस्थळ सुरू केले. पाच महिने वाचक वाढले, मग एका आठवड्यात जवळजवळ शून्य. नोकरी सोडून झाली आहे. काय करू? — माजी विक्री प्रतिनिधी

नोकरीचे आधी. अर्धवेळ का होईना, काम शोधायला आजपासून सुरुवात करा. संकेतस्थळ सावरायला महिने लागतात, आठवडे नाहीत, आणि पोटाची काळजी असताना माणूस घाईची दुरुस्ती करतो.

गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅम-नियमांत ‘मोठ्या प्रमाणावर तयार केलेला मजकूर’ हा प्रकार स्पष्टपणे घातला. तो यंत्राने लिहिला की माणसाने, याला तिथे महत्त्व नाही. शोधात वर येण्यासाठीच ढिगाने लिहिलेली आणि वाचकाला नवे काही न देणारी पाने हा आक्षेप आहे. तेव्हा २०० लेखांची भाषा बदलून घेतल्याने काहीही सुधारणार नाही.

गूगलचे सर्च कन्सोल, म्हणजे संकेतस्थळ शोधात कसे चालले आहे ते मालकाला दाखवणारे साधन, उघडा. ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’च्या (माणसाने तपासून केलेल्या कारवाईच्या) पानावर सूचना आहे का, ते प्रथम पाहा. असेल, तर दुरुस्तीनंतर फेरविचाराची विनंती करता येते. नसेल, तर घसरण आपोआप लागू झालेली आहे आणि विनंती करायला जागा नाही. मग १६ महिन्यांची कामगिरी पानांप्रमाणे उतरवून घ्या. त्याहून जुनी माहिती तिथे राहत नाही. पानांचे तीन गठ्ठे करा. ज्यांवर पूर्वी खरे वाचक येत होते आणि ज्या विषयातले तुम्हाला स्वतःला कळते, ती पाने ठेवा आणि पुन्हा लिहा. तुम्ही विक्री केली आहे, तर ग्राहकांचे आक्षेप, सौद्यातल्या अडचणी, वस्तू हाताळून दिसलेले दोष, हे तुमच्याकडे आहे आणि यंत्राकडे नाही. एकाच प्रश्नाची चार पाने असतील, तर ती एकात मिसळा आणि जुन्या पत्त्यांवरून कायमचे ३०१ वळण द्या. उरलेली काढून टाका. सगळी मुख्यपृष्ठाकडे वळवू नका, नुसती काढा. आमचा अंदाज आहे की २०० पैकी २५-३० उरतील. ते मनाला लागेल, पण १७० पोकळ पाने उरलेल्या चांगल्या पानांनाही खाली खेचतात.

पुढचे सहा महिने आठवड्याला एकच लेख, स्वतः केलेल्या गोष्टीवर, स्वतः काढलेल्या फोटोंसह. आणि पहिल्या दिवसापासून ईमेल-नोंदणीचा रकाना लावा. शोधातून येणारा वाचक उद्या पुन्हा आटला, तरी त्या यादीवरच्या लोकांपर्यंत तुम्ही पोचू शकाल.

प्रश्न : अफिलिएट लिंकवर (जिच्यावरून खरेदी झाली की कमिशन मिळते) महिन्याला सातशे-आठशे क्लिक होतात, पण कमिशन नगण्य. कंपनी पैसे बुडवते आहे का? — एक वाचक

बहुतेक वेळा कारण साधे असते. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात तुमच्या लिंकचा हक्क २४ तास टिकतो. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली गेली, तर तो साधारण ९० दिवस लांबतो. कमिशन वस्तू रवाना झाल्यावर धरले जाते आणि परत आली की वजा होते. शिवाय महिना संपल्यावर पैसे यायला साधारण ६० दिवस लागतात, म्हणून आजचे क्लिक आणि आजचे पैसे यांची तुलनाच होत नाही. नव्या खात्याला पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खाते बंद होते. त्या तीन विक्री स्वतः किंवा घरच्यांकडून करवू नका, तो नियमभंग आहे. ई-पुस्तकात किंवा पीडीएफमध्ये लिंका टाकणेही.

खरी दुरुस्ती लेखाच्या निवडीत आहे. ‘अमुक यंत्र म्हणजे काय’ असे वाचणारा अजून विकत घ्यायच्या बेतात नसतो. ‘या दोन यंत्रांतले लहान घरासाठी कोणते’ हे शोधणारा असतो. दुसऱ्या प्रकारचे दहा लेख पहिल्या प्रकारच्या शंभरांहून जास्त देतात. लिंक लेखाच्या तळाशी एकदाच न ठेवता जिथे निर्णय होतो त्या परिच्छेदात ठेवा, आणि ‘या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळते’ हे वाक्य वाचकाला लिंकच्या आधी दिसले पाहिजे. वस्तूचा दोष मोकळेपणाने लिहा. ज्याच्यासाठी ती योग्य नाही त्याने घेतलीच नाही, की परत येणारा माल आपोआप कमी होतो.

प्रश्न : पैसे जमा झाले आहेत, पण पेमेंट ‘रोखून ठेवले’ असे दिसते. — एक छायाचित्रकार

तीन जागा तपासा. पहिली, पत्त्याची पडताळणी: अ‍ॅडसेन्समध्ये १० डॉलर झाले की साध्या टपालाने पिन पाठवतात. तो चार महिन्यांत भरला नाही, तर जाहिराती थांबतात. पत्ता पाकिटावर जसा लिहितात तसाच भरा. पिन आला नाही, तर पुन्हा मागवता येतो, पण पहिल्याची वाट तीन-चार आठवडे पाहा. दुसरी, नाव: पेमेंट खात्यावरचे, बँकेतले आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः एकच हवे. मधले नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर, एवढ्यानेही अडते.

तिसरी, अमेरिकी कराची माहिती. अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीने डब्ल्यू-८बीईएन अर्ज भरायचा असतो. तो न भरल्यास यूट्यूब वैयक्तिक खात्याच्या जगभरातल्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकते. अर्ज भरल्यावर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या वाट्यावर कर लागतो, तोही तुमच्या देशाचा अमेरिकेशी करकरार असेल तर कमी दराने. अर्ज सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेरीपर्यंत चालतो. ही तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवा. तीन वर्षांनी अचानक कमी पैसे आल्याच्या तक्रारी बहुधा यातूनच निघतात. शटरस्टॉकवर फोटो विकत असाल, तर आणखी एक लक्षात घ्या. तिथला वाटा वर्षभरातल्या विक्रीप्रमाणे १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत चढतो, पण १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. जानेवारीतली घट ही चूक नसते.

प्रश्न : ‘रोज व्हिडिओ लाइक करा, नोकरी सोडा’ असा संदेश आला. पहिल्या दिवशी थोडे पैसेही मिळाले. आता मोठ्या कामासाठी अनामत मागतात. — एक सुरक्षारक्षक

अनामत भरू नका आणि संपर्क आत्ताच तोडा. पहिले पैसे विश्वास बसावा म्हणून दिलेले असतात. पुढे खात्यात मोठा नफा दाखवतात, तो काढायला ‘कर’ किंवा ‘शुल्क’ मागतात आणि प्रत्येक वेळी आणखी एक अडचण निघते. जे काम देतात ते कामगाराकडून पैसे घेत नाहीत. काही भरले असेल, तर संदेश आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा, बँकेला लगेच कळवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. पैसे परत मिळण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते. ‘पैसे सोडवून देतो’ म्हणणारा पुढचा माणूस बहुधा त्याच टोळीतला असतो.

प्रश्न : नोकरीत असताना चॅनल चालवला, तर कंपनी हरकत घेईल का? — सॉफ्टवेअर अभियंता

नियुक्तीपत्रातली तीन कलमे वाचा: बाहेरचे काम, बौद्धिक संपदा आणि स्पर्धाबंदी. तुमच्या क्षेत्रात मधले कलम सर्वांत जाचक असते. काही करारांत कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित जे काही तुम्ही तयार कराल ते कंपनीचे, असे लिहिलेले असते. मग रात्री घरी केलेला कोर्सही वादात येऊ शकतो. मनुष्यबळ विभागाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा, तोंडी होकार नंतर कामाला येत नाही. कंपनीचा लॅपटॉप, सॉफ्टवेअर परवाना, वायफाय किंवा कामाचा वेळ वापरू नका. उदाहरणांत कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची माहिती, नावे बदलूनही, येऊ देऊ नका. करारात मनाई स्पष्ट असेल, तर विषय बदलून पाहा किंवा आधी परवानगी घ्या.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली. आता चॅनलचे उत्पन्न निम्म्यावर आले आहे. परत जावे का? — माजी बँक कर्मचारी

आधी काय घटले ते शोधा. उत्पन्न म्हणजे व्ह्यूज गुणिले आरपीएम (दर हजार व्ह्यूजमागे मिळणारी रक्कम), भागिले हजार. एक लाख व्ह्यूज आणि १.२ डॉलर आरपीएम असेल, तर १२० डॉलर. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, मागच्या महिन्याशी नको. व्ह्यूज तेवढेच आणि आरपीएम घसरला असेल, तर प्रेक्षकांचा देश, व्हिडिओची लांबी किंवा शॉर्ट्सचा वाटा बदलला आहे का ते पाहा. शॉर्ट्सचे प्रमाण वाढले की एकूण आरपीएम खाली येतो. व्ह्यूज घटले असतील, तर ते कोणत्या व्हिडिओंचे, ते पाहा. बहुतेक चॅनलांवर मोजकेच व्हिडिओ निम्म्याहून अधिक पैसे आणतात. बँकिंगच्या विषयात व्याजदर किंवा अर्जाची पद्धत बदलली की जुना व्हिडिओ निरुपयोगी होतो. अशा पहिल्या दहा व्हिडिओंच्या नव्या आवृत्त्या करा, जुन्याच्या वर्णनात आणि पहिल्या टिप्पणीत नव्याची लिंक द्या. जुना लगेच पुसू नका, त्यावर येणारा प्रेक्षक नव्याकडे वळवायचा आहे.

यासाठी चार महिने द्या, पण राखीव रक्कम चार महिन्यांच्या खर्चाच्या खाली उतरायच्या आधी अर्ज पाठवायला सुरुवात करा. नोकरी मिळायलाही वेळ लागतो आणि हातात पैसे असताना पगाराची बोलणी ताठ मानेने होतात. मुलाखतीत मधल्या काळाबद्दल विचारतील. चॅनल लपवू नका, तिथले विषय, आकडे आणि स्वतः सांभाळलेली कामे एका पानावर लिहून न्या. नोकरी मिळाली तरी चॅनल बंद करायचे कारण नाही. आठवड्याचे चार तास ठेवले, तर तेच दहा व्हिडिओ अद्ययावत राहतील.